पंडिता रमाबाई : 'कोणासाठी?' या प्रश्नाची गोष्ट

'आयुष्याचं प्रयोजन सापडलं' असं वाक्य हल्ली फार ऐकू येतं. आमच्या लहानपणी हा शब्दप्रयोग कोणाच्या तोंडी नव्हता. कर्तव्य होतं, संसार होता, नशीब होतं, फार तर गुरूपदेश होता. आपण जन्माला कशासाठी आलो हे ज्याचं त्याने शोधून काढायचं असतं, ही कल्पनाच नव्हती. निदान बायकांच्या बाबतीत तरी नव्हती. त्यांच्या जन्माचं प्रयोजन जन्माआधीच ठरलेलं असे.

म्हणूनच शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईने हे प्रयोजन स्वतः शोधलं, ते धर्मांतराच्या वाटेने शोधलं आणि त्यासाठी सगळ्या महाराष्ट्राचा राग ओढवून घेतला, ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा खुणावते. पंडिता रमाबाई. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. २०२२ साली त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा थोडे लेख आले, काही व्याख्यानं झाली आणि मग पुन्हा शांतता. पाठ्यपुस्तकात त्यांच्या वाट्याला एक-दोन ओळी येत. 'शारदा सदन' ही संस्था काढली, एवढं पाठ केलं की एक मार्क पदरात. मी अनेक वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्या दोन ओळींमध्ये काय काय दडलं आहे ते वर्गात सांगायला वेळ मिळत नसे. आता निवृत्तीनंतर वेळच वेळ आहे, तेव्हा सांगते.

आधीच स्पष्ट करते, मी ख्रिस्ती नाही. चारचौघींसारखी देव्हाऱ्यापुढे निरांजन लावणारी बाई आहे. पण इतिहास शिकवणाऱ्याने आपल्या घरचा धर्म आणि दुसऱ्याची श्रद्धा यांना एकाच तराजूत घालून भाव करू नये, एवढं या पेशाने मला शिकवलं.

रमाबाईंची गोष्ट त्यांच्या वडिलांपासून सुरू करावी लागते. अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे मंगळूरकडचे. तरुणपणी ते पुण्यात शिकायला होते. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या राणीला संस्कृत शिकवायला वाड्यावर जात. बाई संस्कृत शिकते आहे, हे या तरुणाने पाहिलं आणि ते त्याच्या मनात घट्ट बसलं. पुढे घरी परतल्यावर त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतलं. झालं! बायकोला देवभाषा शिकवतो म्हणजे काय? त्यांना उडुपीच्या धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी ग्रंथांचेच आधार काढून दाखवले. पण लोकांची कुजबुज काही थांबली नाही. शेवटी पश्चिम घाटातल्या गंगामूळ नावाच्या रानात घर बांधून ते राहिले. तिथेच २३ एप्रिल १८५८ ला रमाबाईंचा जन्म झाला.

रानातल्या त्या आश्रमात विद्यार्थी येत, यात्रेकरू येत. आतिथ्यापायी शास्त्रीबुवा कर्जात बुडाले. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच सगळं कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेला निघालं. या तान्ह्या बाळाला वेताच्या पेटीत घालून डोक्यावरून नेलं म्हणतात. त्यानंतर या कुटुंबाला घर असं राहिलंच नाही. देवळात उतरायचं, पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करायची आणि पुढच्या गावाची वाट धरायची. चालता चालता आई मुलीला श्लोक शिकवी. बारा वर्षांच्या वयात रमाबाईंचे भागवताचे हजारो श्लोक पाठ होते. मोठ्या मुलीचं लग्न लहानपणी करून दिल्याचा वडिलांना पश्चात्ताप झाला होता, म्हणून या धाकटीचं लग्न त्यांनी केलंच नाही. त्या काळी ब्राह्मणाच्या घरात सोळा वर्षांची अविवाहित मुलगी! आज आपल्याला त्यातला धक्का कळणार नाही.

मग आला १८७० च्या दशकातला दक्षिणेतला दुष्काळ. जवळ होतं नव्हतं ते दानधर्मात, व्रतात, अनुष्ठानात संपलं. देव मार्ग दाखवील म्हणून वाट पाहण्यात दिवस गेले. पुढे रमाबाईंनी त्या दिवसांबद्दल लिहिलं, ते वाचताना अंगावर काटा येतो. मजुरी करावी तर शास्त्र्याच्या घराण्याला लाज, भीक मागावी तर त्याचीही लाज, आणि हाताला दुसरं काही येत नव्हतं. झाडपाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. मरणापूर्वी वडिलांनी या धाकट्या मुलीला जवळ घेतलं आणि सांगितलं की मी तुला देवाच्या हाती सोपवलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर.

हे वाक्य लक्षात ठेवा मंडळी. सांगणारा माणूस कट्टर वैष्णव होता आणि देव म्हणजे त्याचा देव. पण ऐकणाऱ्या मुलीच्या मनात ते वाक्य कुठे कुठे जाऊन पोचणार आहे, हे त्या मरणाऱ्या बापाला कसं कळावं? प्रयोजन म्हणतात ते पहिल्यांदा रमाबाईंच्या ओंजळीत पडलं ते असं, आणि ते पडलं हिंदू बापाच्या हातून.

उरले दोघं, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. हजारो मैल पायी फिरत १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तोंडात बोटं घातली. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या तिथल्या. देशभर नाव झालं. आता या पंडितेला स्त्रियांपुढे त्यांच्या कर्तव्यांबद्दल व्याख्यानं द्यायची होती, म्हणून तिने धर्मशास्त्रं नीट वाचायला घेतली. आणि इथेच पहिली ठिणगी पडली. पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की ग्रंथांचं आपापसात कशावरही एकमत नव्हतं. एकमत होतं ते एकाच गोष्टीवर: स्त्री, मग ती वरच्या जातीची असो की खालच्या, वाईट; आणि तिला व शूद्राला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही. जिला बापाने मरताना देवाच्या हाती सोपवलं होतं, तिला देवाच्या दारात जागाच नाही असं पुस्तक सांगत होतं. आता करायचं काय?

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. तो ब्राह्मण नव्हता. आसामातल्या सिल्चरला संसार थाटला. तिथे नवऱ्याच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती आली. त्यांना ती आवडली, पण बायको ख्रिस्ती होणं बिपिनबाबूंना मुळीच पसंत नव्हतं. मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. लग्नाला जेमतेम एकोणीस-वीस महिने होण्याच्या आतच हे सगळं घडून गेलं होतं.

आता रमाबाई चोवीस वर्षांच्या विधवा, कडेवर वर्षाची मुलगी. त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनी स्वागत केलं. १८८२ मध्येच त्यांनी 'आर्य महिला समाज' काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, आणि सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली: मुलींच्या शाळांना बायका शिक्षक हव्यात, बायकांना बायका डॉक्टर हव्यात. म्हणजे बघा, ख्रिस्ती होण्याच्या आधीच या बाईचं काम ठरलेलं होतं. बायकांना शिकवायचं. वडिलांनी रानात एका बाईपासून सुरू केलं, ते हिला देशभर करायचं होतं. धर्मांतरामुळे त्यांना समाजसेवा सुचली असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. आणि समाजसेवेसाठी मिशनऱ्यांचा पैसा मिळावा म्हणून त्या बाटल्या, असंही कोणी म्हटलं तर तेही खरं नाही, ते पुढे दिसेलच.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीच्या पैशावर. डॉक्टर व्हायचं होतं. पण कानाने कमी ऐकू येत होतं, त्यामुळे वैद्यकीचं दार बंद झालं. वाँटेज गावी सेंट मेरीच्या जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने तिथे आत्महत्या केली. परका देश, मांडीवर लहान मूल आणि सोबतीण अशी गेलेली. त्या दिवसांत रमाबाईंच्या मनात काय उलथापालथ झाली असेल! २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

का घेतला? पुण्यात यावर रान उठलं. आजही लोक आपापल्या सोयीचं उत्तर देतात. रमाबाईंनी स्वतः दिलेलं उत्तर मात्र मला फार महत्त्वाचं वाटतं. मठातल्या बायकांनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातल्या एका आश्रमात नेलं होतं. तिथे 'वाईट चालीच्या' ठरवलेल्या बायकांना ठेवून घेत, त्यांची सेवा करत. एकेकाळी तशाच असलेल्या काही बायका आता दुसऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. रमाबाई चकित झाल्या. त्यांच्या वाचलेल्या शास्त्रांत अशा बाईसाठी शिक्षा होती, जागा नव्हती. ही माणसं असं का करतात, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाण्याला आलेली, पाच नवरे झालेली, परक्या जातीची बाई. तिच्याकडे येशू पाणी मागतो आणि तिच्याशी धर्माचं गूढ बोलतो. पंडितेला जे कलकत्त्याच्या ग्रंथांत मिळालं नव्हतं ते इथे मिळालं. देवाच्या दारात बाईला जागा आहे, आणि तीही सगळ्यांत टाकलेल्या बाईला.

मी या ठिकाणी वाचताना दर वेळी थांबते. कारण आमच्याही घरात एक आत्याआजी होती.

माझ्या वडिलांची आत्या. लाल आलवण, डोक्यावरून ओढलेला पदर, हातात काही नाही. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी सगळं संपलं. नवऱ्याचा चेहरा आठवत नाही म्हणायची. १९६० च्या सुमारास मी तिला पाहिलेलं, तेव्हा ती साठीच्या आतबाहेर असेल. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या मागून जेवायची. घरातली प्रत्येक बाळंतीण तिने सांभाळली, पण मंगलकार्य असलं की ती माजघरात कुठेतरी मागे. शेकडो ओव्या पाठ होत्या, पण जमिनीच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा तिने अंगठा उठवला. तो शाईचा अंगठा आलवणाला पुसताना मी तिला पाहिलं आहे. 'मी काय गं, उरलेली' असं ती सहज म्हणायची, जसं आपण भात उरला म्हणतो तसं.

घरातले मोठे सांगत, की ती लहान असताना कोणीतरी पणजोबांना सुचवलं होतं, पोरीला कर्व्यांच्या हिंगण्याला पाठवा, शिकेल, चार पैसे मिळवील. पणजोबा नाही म्हणाले. विधवांची शाळा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे बाटवाबाटवी येत असे. हिंगण्याचा धर्मांतराशी काही संबंध नव्हता, पण भीती विचारून येत नाही. ती भीती कुठून आली होती? तर रमाबाईंच्याच शारदा सदनाच्या गाजलेल्या प्रकरणातून. म्हणजे या इतिहासाची एक सावली आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आली होती. त्यामुळे मला या विषयावर कोरडेपणाने लिहिता येत नाही.

तर त्या प्रकरणाकडे येऊ. १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या त्या समारंभासाठी. तिथे त्यांनी १८८७ मध्ये 'द हाय कास्ट हिंदू वूमन' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि आपल्या आईच्या, लक्ष्मीबाईंच्या, स्मृतीस अर्पण केलं. बिचाऱ्या आनंदीबाई तोवर पुण्यात वारल्या होत्या. गावोगाव व्याख्यानं दिली. बॉस्टनमध्ये 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली, तिने दहा वर्षं मदतीचा शब्द दिला. त्या बळावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींत एक बालविधवा होती गोदूबाई. हीच पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली, १८९३ मध्ये. आपल्या सगळ्यांना माहीत असलेल्या 'बाया कर्वे' त्या याच.

सदनात धर्म शिकवायचा नाही, अशी अट होती. मुलींनी आपापलं सोवळं पाळावं, पूजा करावी. रमाबाई स्वतः मात्र ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. मुली डोकावू लागल्या, मग शेजारी बसू लागल्या. यात जबरदस्ती होती का? कोणी तसं सिद्ध केलं नाही. पण ज्या मुलीला सगळ्या जगाने झिडकारलं आहे, तिला जी बाई जवळ घेते, त्या बाईचा देव आपलासा वाटणार नाही का? या प्रश्नाचं उत्तर मला दोन्ही बाजूंनी अवघड वाटतं. उघडं दार हे प्रामाणिकपणाचं लक्षण खरं, पण लहान मुलींवर त्याचा परिणाम होणार हेही खरंच. तोवर सदन पुण्यात आलं होतं. १८९३ मध्ये 'केसरी'ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, धर्मांतराचा संशयही येणार नाही असा. एका दिव्यावरून दुसरा दिवा लागतो म्हणतात, कधीकधी पहिल्या दिव्याच्या धुरामुळेही दुसरा लावावा लागतो.

आणि गंमत अशी, की पुण्याच्या सनातन्यांना रमाबाई जितक्या खटकत तितक्याच त्या इंग्लंडच्या धर्मगुरूंनाही खटकत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. तो वाचला की कळतं, ही बाई कोणाच्या मुठीत राहणारी नव्हती. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाई खवळल्या. मी माझ्या देशात पुरुषांच्या सभांपुढे बोलले आहे, आता ख्रिस्ती झाल्यावर मला मागे ढकलता? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत? इतके पंथ आपापसात भांडतात, त्यातला खरा कोणता? त्रैक्याचा सिद्धान्त तुम्ही सांगता म्हणून मानू? त्या जन्मभर शाकाहारी राहिल्या, साधी पांढरी साडी नेसल्या आणि कोणत्याही एका चर्चच्या हुकमात राहिल्या नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार' काढून रमाबाईंची बाजू घेतली, ती याच करारीपणासाठी असावी असं मला वाटतं. पैशासाठी बाटलेली बाई पैसे देणाऱ्यांशी असं भांडत नाही.

१८८३ च्या बाप्तिस्म्याने सगळं मिळालं, असंही रमाबाईंनी म्हटलेलं नाही, हे विशेष. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. सिद्धान्त पटले होते, मनाची तहान भागली नव्हती. आपल्याकडे संतांनीही ज्ञान आणि अनुभव यांत हाच फरक केला आहे. बुद्धीने शास्त्रं चाळणाऱ्या पंडितेला शरण जायला इतकी वर्षं लागली. त्यानंतर त्यांच्या लिहिण्यातली धार कमी होऊन तिथे एक प्रकारचा विसावा दिसू लागतो.

आणि मग आला पुन्हा दुष्काळ. १८९६-९७ चा. मध्य प्रांतात माणसं मरत होती आणि अनाथ मुलींना पळवणारे दलाल टपून बसले होते. रमाबाईंनी स्वतः लिहिलं आहे की त्या बातम्या ऐकून त्यांना आपलाच दुष्काळ आठवला, झाडपाला खाल्लेले दिवस आठवले. सदनाकडे पैसा नव्हता. ज्या मुली येणार त्या उच्चवर्णीय विधवा नव्हत्या, म्हणजे अमेरिकन मंडळाच्या कामात बसणाऱ्याही नव्हत्या. तरी त्या गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. खपाटीला गेलेली पोटं, उवांनी भरलेली डोकी, आजार. पुण्यात प्लेगचे निर्बंध, इतक्या जणींना ठेवायचं कुठे? पुणे-दौंड रेल्वेवरच्या केडगावला त्यांनी आधी जमीन घेऊन ठेवली होती, फळबागेसाठी. तिथे झोपड्या घातल्या, विहिरी खणल्या. १८९८ मध्ये पक्की इमारत उभी राहिली. नाव दिलं 'मुक्ती'. १९०० मध्ये गुजरातचा दुष्काळ पडला आणि मुक्तीतल्या मुली-बायकांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

दोन हजार! आमच्या शाळेत सहाशे मुलं होती तर मधल्या सुट्टीत कान किटत. इथे दोन हजार जणींचं रोजचं जेवण, कपडे, औषधपाणी, शाळा, सगळं एका बहिऱ्या होत चाललेल्या बाईच्या शब्दावर. विणकाम, शेती, दूधदुभतं, तेलाचा घाणा, छापखाना. मुली टाइप जुळवत, यंत्रं चालवत. आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. फुलहॅमला पाहिलेलं केडगावच्या माळावर उभं राहिलं होतं.

आता या सगळ्याकडे जरा लांबून बघा. १८८२ मध्ये रमाबाईंचं काम ठरलेलं होतं, बायकांना उभं करायचं. पण कोणत्या बायकांना? १८८७ च्या पुस्तकाच्या नावातच उत्तर आहे, उच्चवर्णीय हिंदू स्त्री. शारदा सदन ब्राह्मण बालविधवांसाठी. मग १८९७ नंतर जात न विचारता आलेली दुष्काळातली पोर. मग कृपा सदनातली, जिला घरात घ्यायला कोणी तयार नाही ती. मग आंधळी, म्हातारी. काम तेच राहिलं, वर्तुळ मोठं होत गेलं. मला वाटतं, श्रद्धेने रमाबाईंना काम दिलं नाही, काम त्यांच्याकडे होतंच. श्रद्धेने त्यांना 'कोणासाठी' या प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि ते उत्तर दर काही वर्षांनी रुंद करत नेलं. विहिरीवरची ती शोमरोनी बाई त्यांच्या मनातून कधी गेलीच नाही.

शेवटची पंधरा-सतरा वर्षं त्यांनी ज्या कामाला दिली ते तर मला सगळ्यांत हृद्य वाटतं. बायबलचं मराठी भाषांतर. बायबल मराठीत नव्हतं असं नाही. सेरामपूरच्या विल्यम कॅरींनी १८११ मध्येच मराठी नवा करार छापला होता, नंतरही भाषांतरं झाली. पण ती भाषा रमाबाईंना जड वाटली. मुक्तीतल्या नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या मुलीला ती कळेना. म्हणून भागवत मुखोद्गत असलेल्या, कलकत्त्याच्या पंडितांना संस्कृतात गप्प करणाऱ्या या बाईने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, संस्कृतचा सगळा डामडौल बाजूला ठेवून, अडाणी बाईला कळेल अशी मराठी लिहायला घेतली. मी भाषा शिकवली आहे, म्हणून सांगते, अवघड लिहिणं सोपं असतं. जे येतं ते न वापरणं फार कठीण. आणि ते पुस्तक छापलं कोणी? त्याच मुलींनी, मुक्तीच्या छापखान्यात.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. आईनंतर तीच सगळं सांभाळणार होती. आई-बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक लेक. रमाबाई पुन्हा कामाला बसल्या. भाषांतर पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

रमाबाईंचं सगळंच पटतं असं मी म्हणणार नाही. उत्तरायुष्यात हिंदू धर्माबद्दल त्यांनी जे लिहिलं ते मला एकतर्फी वाटतं. ज्या आईने चालता चालता श्लोक शिकवले, ज्या बापाने देवाच्या हाती सोपवलं, त्यांचाही तोच धर्म होता ना? आणि ज्या अनाथ पोरीला जगायला दुसरी जागाच नाही, तिने आश्रमाचा धर्म घेतला तर त्याला तिची निवड म्हणायचं का, हा प्रश्न मी झाकून ठेवणार नाही. पण त्याच्या शेजारी दुसराही प्रश्न ठेवावा लागतो. त्या पोरीसाठी आपण काय केलं होतं? माझ्या पणजोबांनी आत्याआजीला बाटण्यापासून वाचवलं. वाचवून तिला काय दिलं? एक आलवण, एक कोपरा आणि शाईचा अंगठा.

असो. प्रयोजन एका रात्रीत आकाशवाणी व्हावी तसं सापडतं, असं मला रमाबाईंच्या चरित्रात कुठे दिसलं नाही. बापाचं एक वाक्य, दोन दुष्काळ, लंडनच्या आश्रमातली एक दुपार, आठ वर्षांची अस्वस्थता, असे तुकडे जुळत जुळत ते तयार झालं. बरेचसे तुकडे दुःखाचेच होते. फक्त ते दुःख त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं नाही.

केडगावला मुक्ती मिशन आजही आहे. पुण्याहून दौंडकडे जाताना उतरून पाहता येतं. नातेवाईक मंडळींना एक विनंती. आपल्या प्रत्येकाच्या घराण्यात एखादी आत्याआजी, एखादी मावशी अशी होऊन गेली असेल, जिचं नाव वंशावळीत नाही. तुमच्याकडे तिची काही आठवण असेल, जुना कागद असेल, तर जरूर कळवा. वंशावळीचा नवा तक्ता मी करते आहे. त्यात या वेळी लेकींची नावंही घालणार आहे, उरलेल्या समजल्या गेलेल्या लेकींची आधी.